बधिर जबड्याची किंमत

१/ खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापाशी, आतल्या बाजूने एक इंजेक्शन देतात. काही मिनिटांत अर्धा ओठ जड होतो आणि आपण निमूटपणे आ वासून बसतो. दवाखान्यातले हे इतके नित्याचे काम आहे की त्याला इतिहास असेल असे वाटतच नाही. पण त्यात दोन कर्तबगार माणसांची आयुष्ये खर्ची पडली आहेत.

२/ भूल येण्यापूर्वी दात काढणाऱ्याचे कौशल्य मोजले जाई ते वेगाने. चिमटा, मनगटातला जोर आणि रुग्णाला धरून ठेवणारी माणसे, एवढीच सामग्री.

३/ १० डिसेंबर १८४४. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात कोल्टन नावाच्या गृहस्थाने लाफिंग गॅसचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, करमणुकीचा प्रयोग लावला होता. वायू हुंगून धुंदीत बागडणाऱ्या एका तरुणाच्या पायाला जबर मार लागला. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हे दंतवैद्य बसले होते. इतरांना गंमत दिसली, त्यांना उपचार दिसला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो वायू हुंगून सहकारी रिग्ज यांच्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली.

४/ पुढच्याच महिन्यात बॉस्टनमध्ये डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक झाले. वायू पुरेसा दिला गेला नाही, रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हुर्यो उडाली. १८४६ साली त्याच शहरात, वेल्स यांचेच पूर्वीचे भागीदार मॉर्टन यांनी ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक करून कीर्ती मिळवली. वेल्स पुढे स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेले. जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत त्यांनी रस्त्यावरील स्त्रियांवर आम्ल फेकले. शुद्धीवर आल्यावर आपण काय केले हे त्यांना उमगले आणि तुरुंगातच त्यांनी जीवन संपवले. वय अवघे ३३.

५/ तरीही एका दाढेसाठी संपूर्ण माणूस बेशुद्ध करणे हा अव्यापारेषु व्यापारच होता. हवी होती ती केवळ त्या जागेपुरती बधिरता. ती दाखवली १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी, डोळ्यात कोकेनचे थेंब घालून. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या तरुण शल्यविशारदाने त्यापुढचे पाऊल टाकले. खालच्या दातांकडे जाणारी मज्जा ज्या ठिकाणी जबड्याच्या हाडात शिरते, त्या दाराशीच कोकेन टोचायचे. वाट अडली की पुढच्या सगळ्या दातांची वेदना मेंदूपर्यंत पोहोचतच नाही.

६/ आजही दंतवैद्य सुई नेमकी तिथेच नेतात. औषध बदलले, जागा नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच.

७/ परंतु हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी हॉल यांनी हे प्रयोग स्वतःवर केले होते. कोकेनचे व्यसन लागते, याची जाण तेव्हा कोणालाच पुरेशी नव्हती. दोघेही त्यात अडकले. १८८६ साली हॉल्स्टेड यांना उपचारासाठी रुग्णालयात ठेवावे लागले. नंतर जॉन्स हॉपकिन्स येथे ते आधुनिक शस्त्रक्रियेचे आचार्य ठरले, पण मॉर्फिनची सोबत सुटली नाही. त्यांचे सहकारी ऑस्लर यांनी हे गुपित एका टिपणात लिहून ठेवले होते. ते उघड झाले १९६९ साली! अमेरिकन दंतवैद्यांनी हॉल्स्टेड यांना सुवर्णपदक दिले १९२२ मध्ये. त्याच वर्षी ते वारले.

८/ कोकेनला पर्याय शोधला जर्मनीच्या आइनहॉर्न यांनी: प्रोकेन, बाजारातले नाव नोव्होकेन. १९०५ पासून ते वापरात आले. त्याची एक उणीव होती. कोकेन रक्तवाहिन्या आकसते, त्यामुळे औषध जागीच राहते. प्रोकेनमुळे त्या सैलावतात आणि औषध लवकर वाहून जाते. हाइनरिश ब्राउन यांनी त्यात किंचित ॲड्रेनलिन मिसळून तो प्रश्न सोडवला. इंजेक्शननंतर क्षणभर छाती धडधडल्याचा अनुभव काहींना येतो, त्यामागे बहुधा हेच ॲड्रेनलिन असते.

९/ पहिल्या महायुद्धाच्या काळात हार्वी कुक या अमेरिकन सैन्यातील डॉक्टरांनी बंदुकीच्या काडतुसावरून कल्पना उचलली आणि औषध आधीच भरलेली काचेची नळी तयार केली. दंतवैद्यांच्या सिरिंजमध्ये बसणाऱ्या त्या नळीला आजही कार्ट्रिज, म्हणजे काडतूसच, म्हणतात.

१०/ १९४३ साली स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन यांनी एक नवे द्रव्य सिद्ध केले. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते, पूर्वसुरींच्याच परंपरेला जागून, स्वतःलाच टोचून पाहिले. हेच लिडोकेन, आपल्याकडे लिग्नोकेन. ते प्रोकेनपेक्षा लवकर चढते, अधिक टिकते, त्याची ॲलर्जी क्वचितच होते आणि कोकेनसारखे व्यसनही लागत नाही. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने विकले जाऊ लागले. आपल्या गावातल्या दवाखान्यातील ट्रेमध्ये ठेवलेल्या छोट्या बाटलीवर हेच नाव आढळेल.