ओटीवरचा मुक्काम

आमच्या घरात समुद्र पहिल्यांदा आला तो अमळनेरच्या छात्रालयातून. आजोबा पारोळ्याकडच्या खेड्यातले. अमळनेरला शिकायला आले तोवर पाण्याचा मोठा पसारा त्यांनी पाहिला होता तो फक्त तापीच्या पुराचा. छात्रालयात राहायची सोय झाली आणि तिथे त्यांना साने सर भेटले. ते गुरुजी व्हायचे होते अजून.

पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. त्याआधी ते अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात होते, प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेल्या. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हे सगळं पुस्तकांत आहे. आजोबा सांगायचे ते वेगळं. मुलं शाळेत गेली की सर खोल्या झाडायचे, विस्कटलेली अंथरुणं नीट घड्या घालून ठेवायचे, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसायचे. पोरांना आधी वाटलं, हे गड्याचं काम. मग कुणीतरी सरांना केरसुणीसकट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं पहाटेच उठून आपापली खोली झाडू लागली. सर रागावले असते तर झाडली नसती, असं आजोबा ठासून म्हणायचे.

रात्री जागून सर हाताने एक दैनिक लिहायचे. सकाळी मुलं उठायच्या आत ते लावलेलं असायचं. आणि निजायच्या वेळी कोकण सांगायचे: पालगड, दापोली, हर्णैचं बंदर, आई. दादर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली ही पोरं नारळीपोफळीच्या गोष्टी ऐकत झोपायची. आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, समुद्र कसा असतो? ते म्हणाले होते, “माले काय माहीत भो! मन्हा समुद्र म्हंजे सर सांगेत तोच. तू जाय, दखी ये.” आजोबा गेले तोवर त्यांना काही समुद्र दिसला नाही.

मी पाहून आलो, पण फार उशिरा. मुंबईचा समुद्र अनेकदा दिसला होता. तो मी यात धरत नाही. मला सरांचा समुद्र हवा होता. म्हणून बायकोला घेऊन दापोली तालुक्यातल्या मुरूडला गेलो. हर्णै तिथून हाकेच्या अंतरावर, पालगड दापोलीहून खेडच्या बाजूला. अमळनेरहून तिथवरचा प्रवास लांबलचक आणि कंटाळवाणा आहे, एवढंच सांगतो.

मुरूडला जुन्या घरांतून राहण्याजेवण्याची घरगुती सोय होते. आम्ही उतरलो ते घर शंभरी केव्हाच ओलांडलेलं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, मागे आगर आणि त्यात पाण्याचे पाट. आम्हाला दिलेली खोली माजघराच्या आतल्या बाजूची. खिडकी एकच, तीही छातीच्या वर. मी हात लावून पाहिला, भिंत वीतभर नव्हे, चांगली हातभर जाड. घरच्या आजी दारातून म्हणाल्या, “ती बाळंतिणीची खोली हो. वारं लागू नये म्हणून खिडकी वर. ह्या घरातली सगळी माणसं त्या खोलीत जन्मली. माझी चारही मुलं तिथलीच.” मुलाने आता तिला लागून न्हाणीघर काढलंय, पंखा लावलाय. भिंतीला मात्र खिळा ठोकू दिला नाही आजींनी.

सकाळी घावणे आणि नारळाचा रस, दुपारी आमटीभात, फणसाची भाजी, सोलकढी. बायकोने आमच्याकडचा ठेचा डब्यातून नेला होता. आजींनी तो बोटाच्या टोकावर घेऊन चाखला, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतला. मग विचारलं, “तुम्ही कुठचे?” अमळनेर म्हटल्यावर पदर सावरून नीट बसल्या. “म्हणजे आमच्या पालगडच्या गुरुजींना तुम्ही ठेवून घेतलंत ते अमळनेर?”

त्यानंतर रोज संध्याकाळी आजी ओटीवर आणि आम्ही समोर सतरंजीवर, असा नेम पडला. त्यांची पहिली गोष्ट आगबोटींची. मुंबईची बोट हर्णैला धक्क्याला लागत नसे, लांब समुद्रात उभी राही. पडावातून जायचं आणि हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. लहान मुलांना बोचक्यांसारखं या हातातून त्या हातात देत. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. त्या बोटीत त्यांच्या घरचं कुणी नव्हतं. तरी आईने पुढे कितीतरी दिवस मुंबईच्या वाटेवरच्या माणसाला दही हातावर घातल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही, हे त्यांना लख्ख आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हर्णैला गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तोही पेशव्यांसाठी. आपल्याच आरमाराचं कंबरडं आपणच इंग्रजांच्या हातून मोडून घेतलं, ही गोष्ट किनाऱ्यावर उभं राहून आठवली की जास्त लागते. खाली वाळूवर माशांचा लिलाव चालू होता. मी किनाऱ्यावर बराच वेळ बसलो. सरांनी सांगितलेलं आजोबांनी मला सांगितलं होतं, त्यात लाटांचा आवाज होता, खारा वारा होता. हा वास नव्हता.

मग ज्या गोष्टीसाठी मी हे लिहितोय ती गोष्ट.

मुरूड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. आजोळी शेरवलीला १८५८ मध्ये जन्मले, वाढले इथे. सहावीची परीक्षा द्यायला पावसात घाट चढून चालत साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परत पाठवले गेले, ती वाट इथूनच निघाली. पहिली पत्नी गेल्यावर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या विधवा होत्या. मुरूडच्या गावसभेने ठरवलं की कर्व्यांच्या पंगतीला बसायचं नाही, बैठकीला बसायचं नाही आणि घरच्यांनी त्यांना घरात उतरू दिलं तर त्यांनाही वाळीत टाकायचं. ज्या माणसाने गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला होता, त्याला गावात पाठ टेकायला जागा उरली नाही. पुढे १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले. तेव्हा गावाला आनंद झाला.

हे मला वाचून ठाऊक होतं. आजींनी त्यात एक वाक्य घातलं. “आमच्या घरचा कर्ता पुरुष होता त्या सभेत. त्यानेही होच म्हटलं.” झोपाळा त्यांनी पायाने थांबवला. “आजेसासूबाईंनी मला सांगितलं, मी सुनांना सांगितलं. जो पाहुणा ह्या घराचं वय विचारतो त्यालाही सांगते. नुसतं वय कशाला सांगायचं?”

जुनी घरं पाहुण्यांना दाखवणारे पुष्कळ भेटतात. तांब्याची घंगाळं दाखवतात, पितळी समया, कोरीव खांब. आपल्या घराने कुणाला दार लावलं होतं हे सांगणारी बाई मला पहिल्यांदा भेटली. त्या घराची मोठी श्रीमंती मला हीच वाटते, खांबांपेक्षा, झोपाळ्यापेक्षा.

मग मला आमच्याकडचं सांगावंच लागलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. १ मेपासून १० मेपर्यंत ते उपोषण चाललं आणि मंदिर उघडलं. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडले होते. आजोबा तेव्हा खेड्यात मास्तर. त्यांनी गावच्या चावडीवर विषय काढला की आपलं विठ्ठलमंदिर आणि आपली विहीर आपणही उघडू. गावाने नकार दिला, आणि आजोबांच्या घरी लग्नकार्याचं बोलावणं धाडणं बंद केलं. माझी आजी सांगायची, वरात दारावरून गेली की लहान पोरं विचारायची, आपण का नाही जायचं? ती त्यांना आत नेऊन कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात द्यायची. पण तिने आजोबांना कधी बोल लावला नाही. कारण छात्रालयात आजोबा टायफॉइडने पडले होते, तेव्हा सरांनी उशाशी बसून रात्री काढल्या होत्या, हे तिला माहीत होतं.

मुरूडच्या आजी म्हणाल्या, “म्हणजे कर्व्यांना आम्ही जे केलं, ते तुमच्या आजोबांना तुमच्या गावाने केलं.”

मी हो म्हटलं.

पालगडला आम्ही निघायच्या दिवशी गेलो. गुरुजींचं घर आता स्मारक म्हणून जपलंय. ‘श्यामची आई’ वाचलेल्या कुणालाही तिथे फार दाखवावं लागत नाही. म्हाताऱ्या महारणीची मोळी तिच्या डोक्यावर चढवून ये, असं आईने श्यामला सांगितलं ते याच गावात. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते लिहिलं, त्याच्या किती आधी छात्रालयातल्या पोरांनी ते निजताना ऐकलं असेल! आईने शिकवलेलं पालगडहून अमळनेरला आलं, अमळनेरहून आमच्या चावडीपर्यंत पोचलं. चावडीने ते तेव्हा घेतलं नाही. विहीर उघडायला पुढे बरीच वर्षं लागली, मंदिराला त्याहून जास्त.

निघताना आजींच्या मुलाने हिशेब केला, पैसे घेतले, आणि आजींनी पिशवीत ओले नारळ, आमसुलं नि कोकमाची बाटली घातली, ती हिशेबाबाहेर. मग मला म्हणाल्या, “मी दापोली-खेडच्या पुढे घाट चढून फारशी गेलेच नाही. ते छात्रालय होतं ती जागा बघायची आहे. तुमच्याकडे उतरायची सोय होईल?”

मी मुलाला बसवून गाड्या लिहून दिल्या. मुंबईहून सुरतमार्गे भुसावळकडे जाणारी गाडी धरायची, ती अमळनेरला थांबते. यायचं ते डिसेंबरात, भरताची वांगी चांगली असतात तेव्हा. शिवाय २४ तारखेला गुरुजींची जयंती असते. आजींना पायऱ्या जमत नाहीत, म्हणून खालची खोली रिकामी करायला घेतली आहे. बायकोने खापर काढून धुऊन ठेवलंय, मांडे ती स्वतः करणार आहे.