होडी शाकारताना

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आमच्या होडीवरची निळी ताडपत्री सोडली, तेव्हा आतून उबट वासाचा भपकारा आला. बाबांनी नाळेजवळच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत रुतला. गंमत म्हणजे दोन महिन्यांत पावसाचा थेंबही आत गेला नव्हता. ताडपत्री नवी होती आणि कुठेही फट राहू नये म्हणून चारही बाजूंनी आवळून मीच बांधली होती. फळी बदलायला सुतार लागला, हंगामाचे पहिले आठ दिवस बुडाले. बाबा मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता पुन्हा मे संपत आलाय. यंदा होडीवर काय घालायचं, हा प्रश्न घरात आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

आपल्याकडे होडी ‘झाकत’ नाहीत, ‘शाकारतात’. हाच शब्द घराच्या छपरालाही आहे. म्हणजे आपल्या भाषेच्या लेखी पावसाळ्यातली होडी ही एक झोपडीच. आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. हा सरकारी नियम अलीकडचा, पण थांबणं फार जुनं आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की या किनाऱ्यावर शिडाच्या होडीचं काही चालत नसे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मगच समुद्रात जायचं.

राज्यकर्त्यांनाही हे वेळापत्रक चुकलं नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा वेढा मे १७३९ मध्ये संपवला. कोकणात मे महिना हातचा गेला की पुढे चिखल आणि खवळलेला दर्या, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. त्याआधी वीसेक वर्षं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात आरमाराने पावसाळ्यात छावणी कुठे करावी, याचा विचार आहे. त्याच प्रकरणात जहाजांच्या लाकडाबद्दलही लिहिलंय: सागवानासारखी झाडं परवानगीने तोडावीत, पण रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. शाळेत हा उतारा आपण पर्यावरणाचा म्हणून वाचतो. मला आता त्यात लाकडाची किंमत दिसते. जे लाकूड उभं राहायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, ते एका पावसाळ्यात कुजू कसं द्यायचं?

आमच्या शेजारची आगाशी तर सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १५३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती जाळली. तिथल्या सुतारांना जे माहीत होतं, ते माझ्या आजोबांनाही माहीत होतं: लाकडाला समुद्राचं पाणी तेवढं मारत नाही, जेवढं पावसाचं गोडं पाणी मारतं. खाऱ्या पाण्यात कुजवणाऱ्या बुरशीचं फारसं चालत नाही. गोडं पाणी फळ्यांच्या सांध्यात साचलं, वारा लागला नाही, की ती वाढलीच. थेंब वरूनच पडायला हवा असंही नाही. कोंडलेली वाफ प्लास्टिकला खालून चिकटते आणि तीच परत लाकडावर ठिबकते. माझ्या घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली हेच झालं होतं.

आजोबांची पद्धत अशी. होडी ओंडक्यांवरून ओढून भरतीच्या रेषेच्या वर घ्यायची, टेकू लावायचे, नाळ थोडी उंच ठेवायची. फळ्यांना माशाचं तेल पाजायचं. मग नाळेपासून मागच्या टोकापर्यंत आडवी काठी, म्हणजे घराचं आढंच, त्यावर बांबूचे वासे आणि वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, काथ्याने बांधलेले. पाऊस उतारावरून निथळून जाई आणि दोन्ही टोकं उघडी असल्याने वारा आरपार जाई. झाप वर्षभरात कुजत, पण होडी कुजत नसे.

मग ताडपत्री आली. हा शब्दच एक गमतीचा प्रवासी आहे. इंग्रजी ‘टारपॉलिन’मधला ‘टार’ म्हणजे डांबर. जहाजावरच्या कॅनव्हासला डांबर फासत आणि त्यावरून खलाशांनाही ‘टार’ म्हणू लागले. आपल्या कानांना त्यात ताड ऐकू येतो आणि पत्र म्हणजे पानही. झाडाच्या पानांनी होडी शाकारणाऱ्या किनाऱ्यावर हे नाव परकं वाटण्याचं कारणच नव्हतं. पण कॅनव्हास थोडा श्वास घेतो. त्याच्यानंतर आलेलं निळं प्लास्टिक घेत नाही. नाव तेच राहिलं आणि वस्तू बदलली, म्हणून मी फसलो. अर्थात प्लास्टिकला नावं ठेवणं सोपं आहे. ते स्वस्त आहे, हलकं आहे, आणि झाप विणायला वाड्याच कुठे उरल्यात? विरारच्या दिशेने बघा, झावळ्यांपेक्षा इमारतीच जास्त दिसतील.

शेजारच्या काकांची छोटी फायबरची होडी ट्रेलरवर उभी असते. तिचं दुखणं वेगळं. ती कुजत नाही, पण ऊन तिचा वरचा थर खातं. तिला जाड, उन्हाला टिकणारं कापड हवं, नाळ उंच हवी आणि तळातलं बूच काढलेलं हवं. नाहीतर कापडाच्या खोलगट भागात पाणी साचतं, कापड फाटतं आणि तेवढं सगळं वजन ट्रेलरवर येतं. काका म्हणतात, “माझी काळजी उन्हाची, तुझी वाऱ्याची.”

यंदा आम्ही आढं उभं करणार आहोत. वासे बांबूचे. वर ताडपत्रीच, पण फळ्यांपासून हातभर उंच, आणि दोन्ही टोकं उघडी. बाबांना मात्र नाळेवर तरी झापच हवेत. झाप विणणाऱ्या एक आजी आगाशीत आहेत असं कळलंय. रविवारी जाऊन विचारून येतो, किती दिवस आधी सांगावं लागतं ते.