मृत्युलेख
मृत्युलेख : नुकत्याच निवर्तलेल्या व्यक्तीच्या जीवनकार्याचा परामर्श घेणारे वृत्तपत्रीय लेखन. निधनवार्ता केवळ मृत्यू कळवते; मृत्युलेख संक्षिप्त चरित्र (पहा : चरित्र) व कार्याचे मूल्यमापन देतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वृत्तपत्रांत तो स्थिरावला. मराठीत लोकमान्य टिळकांनी (पहा : केसरी) आगरकर (१८९५), न्या. रानडे (१९०१) व गोखले (१९१५) या वैचारिक विरोधकांवर लिहिलेले मृत्युलेख या प्रकारातील सर्वांत मोलाचे होत. त्यांतून दिवंगताइतकाच तत्कालीन सार्वजनिक वादही उलगडतो. वगळलेली नावेही बोलकी असतात : आपल्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचेच प्राबल्य राहिल्याचे मान्य करून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०१८ मध्ये पंधरा उपेक्षित स्त्रियांवर मृत्युलेख छापले; त्यांत १९६९ मध्ये मुंबईत निवर्तलेली अभिनेत्री मधुबाला होती.