रअशा, कंपवात आणि गडग्यावरची खाजकुयली

वेंगुर्ल्यातले आमच्या ओळखीचे एक चाचा जुम्म्याच्या नमाजला येईनासे झाले. चौकशी केली तेव्हा कळले, की हात थरथरतो, पाऊल चटकन उचलत नाही, सजद्यातून उठताना तोल जातो आणि लोक बघत राहतात. घरात दोन मते होती. एक म्हणे वय झाले, दुसरे म्हणे कसला तरी 'असर' आहे. इतिहास पाहिला तर दोन्ही मते टिकत नाहीत.

उर्दूत या थरथरीला 'रअशा' म्हणतात. शब्द अरबी आहे. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी 'अल-कानून'मध्ये रअशाची चर्चा मज्जातंतूंच्या आजारांत केली आहे. आयुर्वेदात याचे नाव कंपवात. पुढे १८१७ मध्ये लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या आजाराचे वर्णन लिहिले. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. आज आजाराला त्यांचेच नाव आहे.

औषधाची गोष्ट मात्र आपल्या गडग्यापाशी येते. पावसाळा सरला की कोकणात कुंपणावर खाजकुयलीच्या शेंगा लागतात. तिची कुसे अंगाला लागली की काय होते, ते शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. युनानी हकीम तिच्या बियांना 'कौंच' म्हणतात. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच माहीत नव्हता. १९६० मध्ये व्हिएन्नात दिसून आले, की पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी झालेले असते. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेली माणसे हालचाल करू लागली. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या बियांनी केलेल्या उपचारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

म्हणून कुणी शेंगा तोडून घरी चूर्ण करू नये. प्रत्येक बीमध्ये लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते. मात्रा जास्त झाली तर मळमळ होते, रक्तदाब उतरतो, भास होतात, अंग आपोआप वळवळू लागते. शिवाय प्रत्येक थरथर पार्किन्सनची नसते. थायरॉइडनेही हात कापतो आणि लहान मेंदू बिघडला तरी तोल जातो. निदान मेंदूविकारतज्ज्ञानेच करायचे.

राहिला प्रश्न शरमेचा. मुहम्मद अलींना हा आजार असल्याचे १९८४ मध्ये निदान झाले. १९९६ मध्ये अटलांटात त्यांनी थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवली, ती साऱ्या जगासमोर. आणि आपल्या दीनने तर आधीच सवलत दिली आहे. बुखारी शरीफमधल्या हदीसप्रमाणे उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, बसताही येत नसेल तर कुशीवर.

तेव्हा चाचांना डॉक्टरकडे न्यायचे आणि मशिदीत सफच्या टोकाला एक खुर्ची ठेवायची. एवढे तर आपल्या हातात आहे.