पावागड : दगड, गड आणि नदी

बडोद्यातली मराठी माणसे पावागडला जातात ती कालिकामातेच्या दर्शनाला. रोपवेत बसून वर जायचे, ओटी भरायची आणि परत यायचे. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. त्यामुळे मला वाटते, देवीबरोबर डोंगराचेही दर्शन घ्यावे.

बडोद्यापासून सुमारे ५० कि.मी.वर, सपाट मुलखात एकटाच उभा असलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे. पुष्कळजण त्याला 'विझलेला ज्वालामुखी' म्हणतात. खरे तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा हा झिजून उरलेला तुकडा आहे. म्हणजे सह्याद्री आणि पावागड एकाच कुळातले! फरक माथ्यावर आहे. खाली काळा बसाल्ट, तर वर सिलिका जास्त असलेला, फिक्या रंगाचा रायोलाइट. हा लाव्हा दाट असतो, दूर वाहत नाही. त्याचा कठीण थर झिजेला दाद देत नाही, म्हणून वर ताशीव कडे राहिले आणि उतारांवर साग, पळस, मोहाचे रान वाढले.

या कड्यांनीच इतिहास घडवला. खीची चौहानांचा हा गड जिंकायला महमूद बेगड्याला दीड वर्षाहून अधिक काळ वेढा घालावा लागला. १४८४ साली तो पडला. वर तळी होती, म्हणून इतके दिवस तग धरता आला. पायथ्याचे चांपानेर मग गुजरातची राजधानी झाले. १५३५ साली हुमायूनची माणसे कड्यात लोखंडी मेखा ठोकून वर चढली. अठराव्या शतकात गड मराठ्यांकडे आला आणि पुढे शिंद्यांचा झाला. १८०३ साली इंग्रजांनी तो घेतला, पण तहाने शिंद्यांना परत मिळाला. १८६१ साली पंचमहालाबरोबर तो कायमचा इंग्रजांकडे गेला. २००४ साली चांपानेर-पावागड जागतिक वारशाच्या यादीत आले.

आता आपल्या घरचा प्रश्न. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. २०१९ आणि २०२४ साली तिचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आपण धरण आणि नाल्यांविषयी बोललो. डोंगराचे नाव कुणी काढले नाही. उतारावरचे रान पावसाचा मारा झेलते आणि माती धरून ठेवते. रान गेले की ती माती नदीत उतरते, पात्र उथळ होते. पुराला हे एकच कारण नाही, पण नदीचा विचार तिच्या उगमापासून केला पाहिजे. दर्शनाला जाल तेव्हा मुलांना तो काळा आणि फिका दगड दाखवा, आणि नदी कुठून येते तेही सांगा.