शहर, सावली आणि माळ

शहर वाढलें कीं झाडें घटतात, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकतों कीं त्याची शहानिशा करावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. मुंबईपुरतें तें खरें आहे. चिंचपोकळी, वडाळा, फणसवाडी हीं नांवें उरलीं, झाडें गेलीं. आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत आरे वसाहतींत मेट्रोच्या कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें पाहतां पाहतां तुटलीं. आमच्या अवर्षणाच्या मुलखाचा इतिहास मात्र थोडा निराळा आहे.

मलिक अहमद निजामशहानें इ. स. १४९० मध्यें भिंगारजवळ बहमनी फौजेचा मोड केला, आणि त्या जागीं प्रथम लावली ती बाग. शहर वसूं लागलें तें मागाहून, १४९४ मध्यें. पाणी आणलें तें कापुरवाडी, शेंडी, वडगांव अशा गांवांकडून, जमिनींतून घातलेल्या खापरी नळांनीं. १५८३ मध्यें फराहबाग पुरा झाला. तलावाच्या मध्यभागीं महाल, भोंवतीं उपवन. म्हणजे येथें शहर आलें म्हणून सावली आली, आणि पुढें नळ बुजले तशी ती ओसरली. बागेच्या जागीं किल्ला झाला होता. १९४२ पासून त्या किल्ल्यांत बंदींत असतां पंडित नेहरू बागकामासाठीं जमीन खणूं लागले, तों जुन्या भिंतींचे अवशेष लागले, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे.

आमच्या कर्जतचेंहि तसेंच आहे. नव्या वस्तींत नळ आणि कूपनलिका आल्या, त्यांच्या मागोमाग कडुनिंब, शेवगा, नारळ आले. नुसतीं झाडें मोजलीं तर कोणी म्हणेल, वाढच झाली! पण गेला तो माळ. पवन्या, मारवेल, कुसळ यांचा तो माळ दप्तरीं 'पडीक' म्हणून लिहिलेला. म्हणून बिगरशेती होण्यांत त्याचाच क्रम पहिला. जवळच रेहेकुरीस १९८० मध्यें काळविटांसाठीं अभयारण्य झालें. क्षेत्र दोन चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक. काळविटास दाट राई नको, दूरवर नजर पोंचेल असें मोकळें गवत हवें. वृक्षारोपणाच्या उत्साहांत हा भेद कोण लक्षांत घेतो?

दोष दुसऱ्यास कशाला द्यावा? वर्गांत मुलांना 'माळ म्हणजे ओसाड जमीन' असा अर्थ मींच फळ्यावर लिहून दिला. आणि निवृत्तीनंतर घर बांधलें तेंहि माळावरच्या एका तुकड्यावर. दारीं निंब लावला आहे, चांगला फोंफावला आहे. पूर्वीं पावसाळा सरतां धनगर येथें मेंढ्या बसवीत. आतां ते त्याच निंबाखालीं घटकाभर टेकतात, तांब्याभर पाणी पितात आणि कळप घेऊन पुढें जातात; मेंढरांनीं तोंड घालावें असें येथें कांहीं उरलेलें नाहीं.