मुक्काम पोस्ट मकाम

लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातल्या आडगावात वाढलेल्या माणसाला ‘मुक्कामी गाडी’ समजावून सांगावी लागत नाही. दिवेलागणीनंतर एसटी गावात शिरते, पारापाशी उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, दवाखान्याची आणि कोर्टाच्या तारखेची माणसं घेऊन तालुक्याला निघते. पत्रावर आपण ‘मु. पो.’ लिहितो, त्यातला ‘मु.’ही तोच. सोयरे आले की ‘आज मुक्काम करा’ असा आग्रह होतो, तोही त्याच शब्दात.

इस्तंबूलमध्ये संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं हौशी गायनवृंदांच्या तालमीला जमतात. तुर्की अभिजात संगीत शिकायला आलेल्या नवख्याच्या कानावर पहिल्याच दिवशी हा शब्द पडतो. तिथे त्याचा उच्चार ‘मकाम’ आणि अर्थ, आपल्या भाषेत सांगायचं तर, राग. आपल्याकडे रस्त्यावर राहिलेला शब्द त्यांच्याकडे गळ्यात जाऊन बसला. त्याची ही कुळकथा.

शब्द मूळचा अरबी. क-व-म या धातूचा अर्थ उभं राहणं, आणि ‘मकाम’ म्हणजे उभं राहण्याची जागा. हे घराणं मराठीत फार मोठं आहे. जे उभंच राहतं ते कायम. जी एकत्र उभी राहते ती कौम. मेलेले ज्या दिवशी उठून उभे राहतील ती कयामत. बाजारात वस्तू ज्या भावाला उभी राहते ती किंमत. फारसी-उर्दूतून येताना ‘मुकाम’ झाला आणि मराठी जिभेने त्यातल्या ‘क’ला जोर देऊन ‘मुक्काम’ केला.

मराठीत तो आला लष्कराच्या आणि कारभाराच्या वाटेने. जुन्या पत्रव्यवहारात तारखेइतकाच मुक्काम महत्त्वाचा, कारण फौज आज कुठे उभी आहे यावर उद्याचं सगळं ठरायचं. 1760च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव करून सदाशिवरावभाऊ परतूरला आले. त्या मुक्कामात उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला आणि पुढचा रस्ता पानिपतला गेला.

मराठवाड्यात या शब्दांचा राबता अधिक राहिला. 17 सप्टेंबर 1948पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू होती, सरकारी कागदांवर फसली सन पडत असे. त्या पिढीची पोरं पाटीवर वळण गिरवत, त्याला उर्दूत ‘मश्क’ म्हणत. हे दोन शब्द, फसल आणि मश्क, लक्षात ठेवू. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आता दुसरी शाखा. तेराव्या शतकात बगदादमध्ये सफीउद्दीन उर्मवीने स्वरांची शास्त्रीय मांडणी केली. त्यानंतरच्या शतकांत, अब्दुलकादिर मरागीसारख्यांच्या काळात, स्वरांच्या एका विशिष्ट चालचलणुकीला ‘मकाम’ म्हणण्याची रीत रुळली आणि पुढे उस्मानी दरबारात ती पक्की झाली. स्वराला जागेचं नाव देण्याची ही सवय जुनीच आहे. दुगाह, सेगाह, चारगाह ही तुर्की संगीतातली स्वरांची आणि मकामांचीही नावं. ती फारसीतून आली. दुसरी जागा, तिसरी जागा, चौथी जागा, एवढाच त्यांचा अर्थ. हा ‘गाह’ आपल्या ईदगाहमध्ये आणि दर्ग्यात आहे. कंधारला हाजी सय्याहच्या दर्ग्यावर उरुसाला जाणारा माणूस हा शब्द उच्चारतच वाट चालत असतो.

मकामाच्या आत डोकावलं तर सगळी भाषा प्रवासाचीच दिसते. स्वराला ‘पेर्दे’ म्हणतात. सतारीवर आपण ज्यांना पडदे म्हणतो तेच हे. सूर कोणत्या बाजूने निघावा, आधी चढावा की वरून उतरत यावा, त्या वाटेला ‘सेयिर’ म्हणतात. ही आपली सैर. वाटेत क्षणभर टेकायचं, पण बिछाना पसरायचा नाही, अशा थांब्याला ‘आस्मा करार’, म्हणजे अधांतरी विसावा. शेवटी जिथे सूर स्थिरावतो तो ‘करार’. मराठीत करार म्हणजे दोघांमधली पक्की बोली, पण मूळ अर्थ स्थिर होणं हाच. आणि त्या आधारस्वराचं नाव ‘दुराक’. हा शब्द मात्र अस्सल तुर्की, ‘थांबणं’ या क्रियापदापासून झालेला. आजही इस्तंबूलच्या बसथांब्याला दुराकच म्हणतात. मुक्कामी गाडीच्या मुलखातल्या माणसाला याहून सोपी ओळख कोणती द्यावी?

या भाषेमुळे एक गोष्ट नीट उमगते. मकाम म्हणजे नुसती सप्तकातली निवडक स्वरांची शिडी नव्हे. तेच स्वर घेऊन दोन मकाम वेगळे होतात, कारण वाट वेगळी आणि थांबे वेगळे. भूप आणि देशकार ज्याने ऐकले आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

हे शिकायचं कसं? जुनी पद्धत ‘मेश्क’. हा तोच मश्क, आणि तिकडेही तो आधी सुलेखनाचाच शब्द होता. उस्तादाचं अक्षर समोर ठेवून गिरवायचं, तसा उस्तादाचा सूर कानात ठेवून गिरवायचा. कागद नंतर, आधी हात. शिष्य दोन्ही गुडघ्यांवर ताल धरतो. उजवा हात उजव्या गुडघ्यावर पडला की ‘द्यूम’, डावा डाव्यावर पडला की ‘तेक’. या तालचक्राला ‘उसूल’ म्हणतात. रचना तालासकट अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायची. एकाच मकामातल्या रचना ओळीने गुंफून गायल्या की त्या मैफलीच्या क्रमाला ‘फासिल’. हीच आपली फसल. मूळ अर्थ विभाग, त्यातून हंगाम, त्यातून पीक, आणि तिकडे गाण्यांचा हंगाम.

मोठ्या गायनवृंदाची पद्धत तिकडे विसाव्या शतकातली. त्याआधी वादकांसोबत मोजके गायक बसत. 1917 साली इस्तंबूलमध्ये ‘दारुलएल्हान’ ही संगीतशाळा निघाली. 1926मध्ये तिथलं तुर्की संगीताचं शिक्षण थांबवण्यात आलं, कारण नव्या प्रजासत्ताकाचा ओढा पाश्चात्त्य संगीताकडे होता. 1934च्या नोव्हेंबरात हे संगीत रेडिओवरूनही बंद झालं, ते 1936पर्यंत. बंदी उठल्यावर मेसुत जेमिल यांनी अंकारा रेडिओवर एकसुरात गाणारा वृंद उभा केला. 1975मध्ये नेवझात आत्लिग यांच्या हाताखाली इस्तंबूलला सरकारी अभिजात वृंद सुरू झाला. ज्या विद्येला दार बंद झालं होतं, ती अनेक गळ्यांत एकदम ठेवून त्यांनी जपली.

या वृंदात पाश्चात्त्य कॉयरसारखे वेगवेगळे आवाज एकावर एक रचलेले नसतात. सगळे एकच ओळ गातात. त्याला कारण आहे. तुर्की शास्त्र एका पूर्ण स्वरांतराचे नऊ बारीक भाग धरतं, त्यांना ‘कोमा’ म्हणतात. उश्शाक मकामातला दुसरा स्वर लिहिताना एक कोमा उतरलेला लिहितात, पण गाताना तो त्याहूनही खाली घेतात, विशेषतः उतरताना. हार्मोनियमच्या पट्टीवर तो सापडत नाही आणि कागदावरून कळत नाही. तो शेजारच्याच्या गळ्यातून घ्यावा लागतो. नवखा माणूस मुरलेल्या आवाजाशेजारी बसतो आणि आपला आवाज त्याच्या आवाजाखाली ठेवतो. एक दिवस त्या उतरत्या स्वरावर दोन आवाजांमधली फट मिटते. मला वाटतं, वृंदात शिकण्याचं सगळं मोल याच एका क्षणात आहे.

देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे आणि तिचा एक जुना पुरावा मराठवाड्यातच लिहिला गेला. देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. सफीउद्दीनचं शतक तेच. त्या ग्रंथात तुरुष्क तोडी आणि तुरुष्क गौड ही नावं येतात. तुरुष्क म्हणजे तुर्क. तिकडे तुर्की उसुलांत सात मात्रांचं एक चक्र आहे, तीन-दोन-दोन अशा वाटणीचं. त्याचं नाव ‘देव्र-इ हिंदी’, हिंदचं चक्र. वाटणी थेट आपल्या रूपकाची. फरक इतकाच की रूपक खालीवर सुरू होतो आणि ते चक्र द्यूमच्या भरीव आघाताने. त्यांच्या नावाचा राग आपल्या ग्रंथात आणि आपल्या नावाचा ताल त्यांच्या गुडघ्यावर.

एक मुक्काम मात्र रिकामा राहिला. 1931 साली शेवटचा उस्मानी खलिफा अब्दुलमजीद याची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. खलिफासाठी खुलताबादला मकबरा बांधला गेला. 1944 साली तो पॅरिसमध्ये वारला आणि शेवटी मदिनेत पुरला गेला. मकबरा अजून उभा आहे. त्यात कुणी विसावलं नाही.

आता परत नांदेडला. सचखंड हुजूर साहिबला शबद-कीर्तन ऐकताना एका ओळीकडे लक्ष द्यावं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्या ओळीपुढे ‘रहाउ’ असं लिहिलेलं असतं. रहाउ म्हणजे थांब. रागी प्रत्येक कडव्यानंतर तिथे परत येतात. त्याच ग्रंथात नामदेवांचे 61 शबद आहेत. त्यांच्या नावाचं नर्सी गाव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. आपल्या गावच्या सप्ताहात कीर्तनकारामागे धृपदकरी उभे असतात, त्यांचं कामही हेच. बुवा कितीही लांब जावोत, परतायची ओळ त्यांनी धरून ठेवायची. कोणताही वर्ग न लावता, मोठ्यांच्या शेजारी उभं राहून, टाळ वाजवत पोरं ती धरायला शिकतात. हाही मेश्कच.

म्हणून लातूर-नांदेडच्या गाणाऱ्यांनी एकदा तरी तुर्की वृंद ऐकावा असं मला मनापासून वाटतं. देव्र-इ हिंदीतली एखादी रचना लावावी, भाषेची काळजी करू नये. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तीन-दोन-दोन मोजावं. सूर फिरतील, अधांतरी टेकतील, पुन्हा निघतील. मग सगळे आवाज एका स्वरावर येऊन उभे राहतील. त्या जागेचं नाव आपल्या प्रत्येक पत्त्यावर आधीच लिहिलेलं आहे.